पांढऱ्या खोक्यातला पंप: आठ महिने आणि ११,३०० किलोमीटर

मागच्या ऑक्टोबरात आंबे बहाराची मोसंबी ऐन तोडणीला आली आणि माझ्या पिकअपचा पॉवर स्टेअरिंगचा पंप गेला. त्याच्या जागी जालन्यातल्या स्पेअरपार्टच्या दुकानातून पांढऱ्या खोक्यातला, कुठल्याच कंपनीचं नाव नसलेला पंप आणला आणि घरी चिंचेखाली गाडी लावून बसवला. आता जून लागलाय. तेव्हापासून मीटरवर ११,३०० किलोमीटर वाढलेत आणि पंप चालू आहे. पाचपैकी साडेतीन देतो. उरलेले दीड कुठं गेले ते पुढं येईल. त्यातला अर्धा तर माझ्याच नावावर आहे.

आमचं गाव अंबड तालुक्यात. गाडी सात वर्षांची, डिझेलची. कागदावर तिची भरती किती आणि मोसंबीच्या दिवसांत आम्ही भरतो किती, हे आरटीओसमोर बोलायचं काम नाही. पण स्टेअरिंगच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे. भरलेली गाडी काळ्या रानातल्या चाकोरीतून काढायची, मग डांबरीवर यायचं, मग जालन्याच्या मोसंबी मार्केटात दोन ट्रॅक्टरांच्या मधून मागं घ्यायची. पॉवर स्टेअरिंगशिवाय हे करून बघा, संध्याकाळी भाकरी मोडताना खांदा बोलतो.

दुखणं एकदम आलं नव्हतं. पोळ्यापासूनच सकाळी गाडी चालू करून पहिलं वळण घेतलं की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायचा. आबा ओट्यावरून म्हणायचे, "हिला बी गुडघेदुखी लागली का रे?" मी हसण्यावारी नेलं. मग स्टेअरिंग कधी हलकं, कधी जड, असं व्हायला लागलं. सरळ रस्त्यावर ठीक, पण उभ्या गाडीत वळवलं की मधेच दगडासारखं घट्ट. स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं तर आतलं लाल तेल गुलाबी झालेलं आणि वर फेस, फालुद्यावर असतो तसा. पंपाच्या पुलीमागं ओघळही दिसला. शाफ्टचं ऑइल सील, म्हणजे तेल आत अडवून धरणारी रबरी कडी, गेलं होतं.

आमच्या फिटरनं पाच मिनिटांत निदान केलं, "पंप बदला." पण त्याच्या दारात सोयाबीनच्या सुगीचे ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं ओळीनं उभी. तीन दिवस लागतील म्हणाला, मजुरी १,५०० वेगळी. त्याचा काही दोष नाही, सुगीत त्याला जेवायला सवड नसते. पण झाडावरची मोसंबी तीन दिवस फिटरची वाट बघत नाही, आणि भाव तर अजिबात नाही. त्यात मेव्हणा सुट्टीला आलेला. तो वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. म्हणाला, "दाजी, चार बोल्टचं काम आहे. घरीच करू."

चार बोल्टचं नव्हतं. पण ते नंतर.

दुकानात मी मोकळ्या हातानं गेलो, ही पहिली चूक. शेठनी विचारलं, "जुना पंप आणला का?" मी म्हणालो, मॉडेल सांगतो, वर्ष सांगतो, आरसी बुक दाखवतो. ते म्हणाले, "मॉडेल एकच राहतं, पंप तीन निघतात." माणूस खरं बोलत होता. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पाइपाचं तोंड फिरलेलं असतं, शाफ्टची जाडी वेगळी, कुणाची पुली नटानं धरलेली तर कुणाची नुसती दाबून बसवलेली. परत गावाला, पंप काढा, पुन्हा जालना. अर्धा दिवस आणि डिझेल गेलं. पण पंप न बघता गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल मारणारी दुकानंही मी बघितलेली आहेत, म्हणून याबद्दल शेठचे उपकारच.

दुसऱ्या खेपेला त्यांनी काउंटरवर तीन गोष्टी मांडल्या. कंपनीच्या पॅकिंगमधला नवा पंप ७,८००. पांढऱ्या खोक्यातला नवा पंप ३,४००. आणि जुनाच उघडून, सील बदलून, रंग मारून ठेवलेला २,२००. चौथा पर्याय मी विचारला, नुसतं सील किट. ते साडेतीनशेला होतं. शेठनी माझ्या पंपाचा शाफ्ट दोन बोटांत धरून वरखाली हलवला. खुळखुळला. "बेअरिंग गेलं आहे. सील टाकलं तर महिन्यात पुन्हा गळतंय," म्हणाले. साडेतीनशेची आशा तिथंच संपली.

मी पांढरं खोकं घेतलं. कारण सरळ आहे, त्या आठवड्यात तोडणीच्या मजुरांची उचल द्यायची होती. गॅरंटी विचारली तर नेहमीचं उत्तर, "पंपाला आणि इलेक्ट्रिकच्या मालाला नसते." मी बिलाचं पुस्तक पुढं सरकवलं आणि तिथंच उभा राहिलो. शेवटी बिलावर हातानं 'तीन महिने' लिहून सही दिली. वापरायची वेळ आली नाही, पण उभं राहिल्याशिवाय मिळत नाही एवढं सांगून ठेवतो.

आता खोक्यातला माल. ओतीव काम खडबडीत. कडेला ओतकामाची शीर राहिलेली, ती कानशीनं घासून काढली. ब्रॅकेटच्या एका भोकात बोल्ट शिरेना, गोल कानस फिरवावी लागली. दुसऱ्या भोकाच्या आट्यांत रंग भरलेला. बोल्ट जोर लावून घातला असता तर आटेच गेले असते. मेव्हण्यानं जुन्याच बोल्टला करवतीनं उभी खाच पाडली आणि तो हातानं आतबाहेर फिरवत रंग खरवडून काढला. अशा वेळी कारखान्यातला माणूस घरात असल्याचा फायदा कळतो. शाफ्ट मात्र चकचकीत, हातानं फिरवला तर मऊ आणि सारखा फिरत होता. कुठं अडकत नव्हता, खुळखुळत तर अजिबात नव्हता. तेलाच्या दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकची बुचं. त्यातलं एक इतकं आत बसलेलं की मी ते पंपाचाच भाग समजलो होतो. तसंच पाइप लावला असता तर पंपाला तेलच मिळालं नसतं. खोक्यात वायसर नाही, ओ-रिंग नाही, कागदाचा एक चिटोराही नाही. यासाठी अर्धा मार्क कापला, आणि खडबडीत ओतकामासाठी अर्धा.

वायसरचं सांगतो, कारण ते दहा-वीस रुपयांचं प्रकरण आहे आणि त्यावरच लोक घसरतात. पंपातून स्टेअरिंगकडं जाणारा पाइप दाबाचा असतो. टोकापर्यंत वळवलं की त्यात ८० ते १०० बारपर्यंत दाब जातो. मोटारसायकलच्या टायरात दोन बार असतात, त्यावरून अंदाज घ्या. तो पाइप ज्या पोकळ बोल्टनं धरलेला असतो त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची वायसरं असतात. एकदा आवळली की ती चपटी होऊन बसतात, पुन्हा वापरली की पाझरतात. मला हे माहीत होतं, तरी आणायला विसरलो. गावातल्या इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं मापाची मिळाली म्हणून निभावलं.

काढायचं काम असं झालं. टाकीतलं तेल जनावरांना औषध पाजायच्या मोठ्या सिरिंजनं ओढून घेतलं. पट्ट्याचा ताण सैल केला, पट्टा उतरवला. पाइप सोडले, त्यांच्या तोंडाला फडकं बांधलं. पंप खाली. इथवर खरंच चार बोल्टचं काम. मग आली पुली.

माझ्या गाडीची पुली नुसती दाबून बसवलेली आहे, नट नाही. नव्या पंपाबरोबर पुली येत नाही, जुनीच काढून लावायची. मी सवयीनं हातोडी घेतली. मेव्हणा ओरडला, "दाजी, हातोडी ठिवा! आतल्या पात्या मोडतील." या पंपाच्या आत एक रोटर असतो, त्याच्या खाचांत बारीक पात्या सरकत असतात आणि भोवती अंडाकृती कडं. शाफ्टवर ठोकलं की तो मार सरळ आत जातो. जुन्या पंपावर ठोकलं तर पंप गेलेलाच आहे, पण पुली वाकते. नव्यावर ठोकलं तर ३,४०० रुपये तिथंच संपले.

साधा तीन पायांचा पुलरही चालत नाही, तो पुलीची कड धरून ओढतो आणि पत्र्याची कड वाकते. पुलीच्या मधल्या बोंडाला एक खाच असते, तिथं धरणारा वेगळा पुलर येतो. मी तो आधीच ऑनलाइन ६५० रुपयांना मागवला होता. लोखंड बरं आहे, आटे ठीक. ग्रीस लावून फिरवला आणि पुली लोणी सुटावं तशी आली. पंपाला साडेतीन, पण या पुलरला मी पाचपैकी पाच देतो.

बसवताना उलट काम. शाफ्टच्या मधोमध आटे असतात, त्यात लांब बोल्ट घालायचा आणि नट फिरवत पुली आत दाबत न्यायची. जसजशी आत जाते तसा जोर वाढतो. एका जागी मला वाटलं, बस, पोचली. नट सोडला. मेव्हणा तेव्हा चहाला गेला होता.

पंप चढवला, पट्टा घातला. आता तेल. शेठनी एक लिटर पुरेल म्हणून सांगितलं होतं. पुरत नाही. भरायला लिटर लागतं हे खरं, पण आतलं जुनं तेल धुऊन काढायला अजून एक लागतं. जुना पंप झिजताना जो लोखंडाचा भुगा सुटतो तो पाइपांत आणि स्टेअरिंगच्या डब्यात बसलेला असतो. तो काढला नाही तर नव्या पंपाला पहिल्या दिवसापासून तेच खायला घालायचं. आम्ही पुढची दोन्ही चाकं उचलून घोडीवर ठेवली, परतीचा पाइप सोडून दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीत घातला, त्याचं टाकीकडचं तोंड बुजवलं. इंजिन बंद ठेवून मी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचो आणि बायको टाकीत तेल ओतायची. पहिल्यांदा काळपट आलं, मग तपकिरी, मग लाल. बाटलीच्या तळाला चमकी बसलेली दिसली, रांगोळीतल्या चमकीसारखी. टाकीच्या तळाची जाळीही चिकट गाळानं अर्धी बुजलेली होती, ती डिझेलनं धुतली. तेल कुठलं घालायचं ते टाकीच्या झाकणावर असतं. माझ्या झाकणावर एटीएफ लिहिलेलं आहे, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. इंजिन ऑइल नाही, हायड्रॉलिकचं ट्रॅक्टरवालं तर नाहीच.

परतीचा पाइप जागेवर लावून हवा काढायचं कामही इंजिन बंद ठेवूनच केलं. वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत, मधेमधे तेलाची पातळी बघत. बुडबुडे थांबल्यावर गाडी चालू केली. स्टेअरिंग एका बोटानं फिरलं. आबांनी स्वतः बसून फिरवून बघितलं. सूर्य मावळायच्या आत सगळं आटोपलं म्हणून घरात शिरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली, वळवली, आणि कण्हणं ऐकू आलं. तोच आवाज.

त्या क्षणी मी पांढऱ्या खोक्याला, शेठला आणि स्वतःच्या कंजूषपणाला काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. बिल खिशात घालून जालन्याला निघणारच होतो. बायको म्हणाली, "अहो, गाडी न्यायच्या अगुदर तेल तर बघा." झाकण उघडलं. पुन्हा गुलाबी, पुन्हा फेस. आता नवा पंप, नवी वायसरं, हवा काढलेली. मग हवा येते कुठून?

खाली कुठं थेंब नव्हता, म्हणून गळती नाही असं मी धरून चाललो होतो. इथंच चकवा आहे. टाकीतून पंपाकडं येणारा जो जाड रबरी पाइप असतो तो दाबाचा नाही, ओढीचा आहे. पंप त्यातून तेल शोषतो. तो सैल असेल तर तेल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते. फरशी कोरडी आणि तेल फेसाळलेलं, असं चित्र दिसतं. मेव्हण्यानं फोनवर सांगितलं, "इंजिन चालू ठेवा, पट्ट्यापासून हात लांब ठेवा, आणि त्या पाइपाच्या जोडावर जाड ग्रीस थापा." थापलं. पंपाच्या बाजूच्या जोडावर काही फरक नाही. टाकीच्या बाजूला थापलं आणि आवाज निम्म्यावर आला. मी ग्रीस पुसलं, आवाज परत. पुन्हा थापलं, गेला. इतका आनंद मला शिऱ्यानंही झाला नव्हता.

पाइप काढून बघितला तर टोक सात वर्षांच्या उष्णतेनं वाळून कडक झालेलं, नखानं दाबलं तर बारीक भेगा उघडत होत्या. नवा पाइप १८० रुपये, दोन क्लिपा ३० रुपये. बसवला, पुन्हा हवा काढली. आवाज बंद.

मग मी जुना पंप उघडला. भंगारात द्यायच्या आधी बघावं म्हणून. आतल्या अंडाकृती कड्यावर ओरखड्यांच्या लाटा उमटलेल्या, पात्यांच्या कडा खाल्लेल्या. तेलाबरोबर हवा गेली की आत असंच होतं. पात्यांना तेलाचा आधार राहत नाही, बुडबुडे दाबाखाली फुटतात आणि धातू झिजतो. म्हणजे पोळ्यापासून जो आवाज यायचा तो पंपाचा नव्हताच, त्या १८० रुपयांच्या पाइपाचा होता. पंपानं दोन महिने नुसती तक्रार केली, मग बेअरिंग गेलं, मग सील. आबांची गुडघेदुखी मी तेव्हाच तपासली असती तर हे परीक्षण लिहायची वेळ आली नसती. तुमची गाडी कण्हत असेल आणि तेलाला फेस असेल तर पंपाच्या दुकानात जायच्या आधी त्या पाइपाला हात लावून बघा.

आता आठ महिन्यांचा अनुभव. दिवाळीपर्यंत रोज एक खेप जालन्याची केली, मग जरा विश्रांती. मार्च-एप्रिलात मृग बहाराचा माल, पुन्हा तीच चाकोरी. मे महिन्यात पारा ४२ वर असतानाही स्टेअरिंग जड झालं नाही, तेल फेसाळलं नाही. शाफ्टचं सील कोरडं आहे. तेल आठ महिन्यांत एकदाच, दोन-चार चमचे वाढवलं. थंडीत सकाळी पहिली दोन मिनिटं बारीक घरघर यायची, जुना पंप चांगला होता तेव्हा ती नव्हती. आणि एक फरक कायमचा आहे. भरलेली गाडी जागेवर उभी असताना, इंजिन अगदी मंद असताना वळवलं तर कंपनीच्या पंपापेक्षा थोडा जास्त जोर लागतो. जरा ॲक्सिलरेटर दिला की हलकं. पंप इंजिनच्या पट्ट्यावरच फिरतो, त्यामुळं मंद इंजिनात कुठलाही पंप कमीच तेल ढकलतो, पण याचं थोडं जास्त जाणवतं. मला चालतं. रोज शहराच्या गल्लीबोळातून दुधाची किंवा गॅसची गाडी फिरवणाऱ्याला चालणार नाही, त्यानं ७,८०० मोजावेत.

एकूण खर्च: पंप ३,४००, पुलर ६५०, दोन लिटर तेल ७६०, पाइप आणि क्लिपा २१०, वायसरं ४०. झाले ५,०६०, जालन्याच्या फेऱ्यांचं डिझेल सोडून. फिटरकडून कंपनीचा पंप टाकला असता तर तेल धरून दहा हजारांच्या घरात गेलं असतं. पण त्यानं तो पाइप पहिल्याच दिवशी बघितला असता, हेही तितकंच खरं.

आता तो माझ्या नावावरचा अर्धा मार्क. पंप बसवल्यानंतर दोन आठवड्यांनी पट्टा चिरचिर करायला लागला. मी पट्ट्याचा ताण वाढवला, आवाज तसाच. शेवटी लोखंडी पट्टी सगळ्या पुल्यांवर आडवी लावून बघितली, तर पंपाची पुली तीन मिलिमीटर बाहेर. मेव्हणा चहाला गेला होता तेव्हा मी "बस, पोचली" म्हणालो होतो ना, तीच. शाफ्टच्या टोकाशी बरोबर येईपर्यंत दाबायची असते, मधे जोर लागला म्हणून थांबायचं नसतं. पंप पुन्हा उतरवला, लांब बोल्ट पुन्हा लावला, दाबली. चिरचिर गेली. पण त्या दोन आठवड्यांत पट्टा तिरका चालून त्याच्या एका कडेचे दोरे सुटलेत, आणि पेरणीच्या आत तो बदलायचा राहिलाय.